पिनकोडची कुंडली : मोठ्या संख्येचे गुणधर्म कसे शोधायचे

नागपुरात पत्ता लिहिताना ४४० हे तीन अंक हात आपोआप लिहून जातो. त्यापुढचे तीन अंक सांगतात की पत्र सिव्हिल लाइन्सला जाणार, धरमपेठेत की प्रतापनगरात. पण टपालखात्याचं काम बाजूला ठेवून या सहा अंकांकडे निव्वळ संख्या म्हणून पाहिलं, तर अवयव पाडण्याचा सराव करायला यापेक्षा चांगलं साहित्य मिळणं कठीण. संख्या तोंडपाठ असते, कागदावर मावते आणि तरीही इतकी मोठी असते की नुसत्या नजरेनं तिचं काही कळत नाही.

इथे आपण मुख्यतः ४४००२२ ही संख्या घेणार आहोत, प्रतापनगर भागाचा पिन. तुलनेला ४४०००१, म्हणजे जीपीओचा (मुख्य टपाल कार्यालयाचा). या दोघींत फक्त एकवीसचा फरक आहे, पण स्वभाव पार वेगळे.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. संख्येचे गुणधर्म दोन जातींचे असतात. काही संख्येच्या हाडात असतात : तिला कशानं भाग जातो, तिचे विभाजक किती, ती दोन वर्गांची बेरीज होते का. काही फक्त कपड्यात असतात : अंकांची बेरीज किती, उलटी लिहिली तर काय होतं. लिहिण्याची पद्धत बदलली की दुसऱ्या जातीचे गुणधर्म बदलतात, पहिल्या जातीचे नाही. नवशिके बहुतेक वेळा कपड्यांपासून सुरुवात करतात, कारण ते सोपं असतं. आमचा सल्ला उलटा आहे. आधी मूळ अवयव पाडा. हाडातले जवळजवळ सगळे गुणधर्म त्या एका ओळीतून फुकट मिळतात.

काय काय हवं

चौकटीची वही, पेन आणि साधा कॅल्क्युलेटर. शंभरच्या आतल्या २५ मूळ संख्या एका चिठ्ठीवर लिहून समोर ठेवा : २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७, ५३, ५९, ६१, ६७, ७१, ७३, ७९, ८३, ८९, ९७. या यादीत ५१ (३ × १७), ५७ (३ × १९), ८७ (३ × २९) आणि ९१ (७ × १३) हमखास घुसखोरी करतात. चिठ्ठी लिहून झाली की हे चार नाहीत ना, ते बघून घ्या.

स्वल्पविरामाचंही सांभाळा. आपण ४,४०,०२२ लिहितो, परदेशी संकेतस्थळं आणि बरीचशी सॉफ्टवेअर दर तीन अंकांनी स्वल्पविराम देतात (४४०,०२२). एका ठिकाणची संख्या दुसरीकडे उतरवताना एखादा शून्य गळतो तो इथेच. आधी अंक मोजा, मग गणित सुरू करा.

नजरेच्या कसोट्या

४४००२२ चा शेवटचा अंक २, म्हणजे संख्या सम. शेवटचे दोन अंक २२, त्यांना ४ ने भाग जात नाही, म्हणून संख्येलाही जात नाही. थोडक्यात, २ हा अवयव नेमका एकदाच आहे. शेवटी ० किंवा ५ नाही, तेव्हा ५ बाद. अंकांची बेरीज ४+४+०+०+२+२ = १२ : ३ ने भाग जातो, ९ ने नाही. म्हणजे ३ सुद्धा एकदाच.

अकराची कसोटी : अंकांना आळीपाळीनं अधिक-उणे चिन्हं द्या. ४−४+०−०+२−२ = ०. भाग जातो.

आता एक कसोटी, जी शाळेत क्वचितच नीट शिकवली जाते. ७ × ११ × १३ = १००१. त्यामुळे संख्या उजवीकडून तीन-तीन अंकांच्या गटांत तोडायची आणि गटांना आळीपाळीनं अधिक-उणे करायचं. येणाऱ्या उत्तराला ७, ११ किंवा १३ ने भाग जात असेल, तरच सुरुवातीच्या संख्येला जातो. पिनकोड छापताना तीन अंकांनंतर जी मोकळी जागा सोडतात, ती नेमकी या कामाची : ४४० ०२२. फरक ४४० − २२ = ४१८. आता ४१८ = २ × ११ × १९. यात ११ आहे. ७ आणि १३ नाहीत. एका वजाबाकीत तीन भागाकारांचा निकाल. पण यातला १९ पाहून १९ ने भाग जातो असं समजू नका. ही कसोटी फक्त ७, ११ आणि १३ साठी आहे, आणि चूक नेमकी इथेच होते.

नागपूरकरांसाठी खास सोय म्हणजे ४४०००० च्या बाक्या एकदाच काढून ठेवायच्या. ७ ने भागल्यास बाकी १, ९ ने ८, ११ ने ०, १३ ने २, १७ ने ६, १९ ने १७. मग कोणत्याही नागपुरी पिनचे शेवटचे दोन अंक या बाकीत मिळवले की झालं. २२+१ = २३, ७ ने भाग नाही. २२+२ = २४, १३ ने नाही. २२+६ = २८, १७ ने नाही. २२+१७ = ३९, १९ ने नाही. ४४००१३ चं मात्र १३+१ = १४, तेव्हा तिला ७ ने भाग जातो. आणि ११ ची बाकी शून्य असल्यामुळे ४४०० नंतर ११, २२, ३३ असे जोडअंक आले की ११ ने भाग ठरलेलाच.

अवयव पाडणं

हे मुख्य काम. कसोट्यांत सापडलेले अवयव एकेक करून काढून टाका आणि प्रत्येक वेळी उरलेल्या संख्येवरच पुढचं काम करा :

४४००२२ ÷ २ = २२००११
२२००११ ÷ ३ = ७३३३७
७३३३७ ÷ ११ = ६६६७

प्रत्येक अवयव काढल्यावर तोच अवयव पुन्हा जातो का ते बघायचंच. ६६६७ ला ११ ने भागल्यास बाकी १, म्हणजे इथे नाही. पण ४४०००१ मध्ये ३ दोनदा आहे. पहिल्या ३ नंतर पुढे सरकलात तर अवयवही चुकतील आणि त्यानंतरचं सगळंच.

किती लांब जायचं? उरलेल्या संख्येच्या वर्गमुळापर्यंत. संख्या संयुक्त असेल तर तिचा एक तरी मूळ अवयव वर्गमुळाहून मोठा नसतो. इथे बहुतेक जण सुरुवातीच्या संख्येचं वर्गमूळ धरून बसतात. ४४००२२ चं वर्गमूळ सुमारे ६६३ आहे आणि तिथवर १२१ मूळ संख्या आहेत. पण आता आपल्या हातात ६६६७ आहे आणि ८१ चा वर्ग ६५६१, ८२ चा ६७२४. म्हणजे ७९ पर्यंत गेलं की पुरे. अवयव निघेल तसतशी ही हद्द जवळ येते. दर वेळी ती नव्यानं काढा.

६६६७ च्या बाक्या अशा : ७ ने ३, ११ ने १, १३ ने ११, १७ ने ३, १९ ने १७, २३ ने २०, २९ ने २६, ३१ ने २, ३७ ने ७, ४१ ने २५, ४३ ने २, ४७ ने ४०, ५३ ने ४२, ५९ ने ०. चौदाव्या प्रयत्नात सापडलं : ६६६७ = ५९ × ११३. ११३ चं वर्गमूळ ११ च्या आत आहे आणि २, ३, ५, ७ यांपैकी कशानंही तिला भाग जात नाही, म्हणून ११३ मूळ.

४४००२२ = २ × ३ × ११ × ५९ × ११३

कॅल्क्युलेटरवर बाकी काढायची ती अशी. ६६६७ ÷ ३१ = २१५.०६४५१… येतं. पूर्णांक वजा करा, उरलेल्या ०.०६४५१ ला ३१ ने गुणा, जवळपास २ येतील. तीच बाकी. पडद्यावर दोनच दशांश स्थळं ठेवली असतील आणि भाजक मोठा असेल, तर बाकी असूनही '.००' दिसू शकतं आणि भाग गेला असं वाटतं. शंका आली की भागाकार आणि भाजक गुणून बघा.

तीक्ष्ण नजरेचा वाचक इथे म्हणेल, ४४००२२ म्हणजे तर उघड उघड २२ × २०००१! खरं आहे. शून्यांच्या दोन्ही बाजूंना एकमेकांच्या पटीतले अंक दिसले की असा सामाईक अवयव आधी काढावा, निम्मं काम वाचतं.

फर्माचा आडमार्ग

६६६७ साठी चौदा भागाकार केले. हेच काम पाच वजाबाक्यांत होतं. वर्गमुळाच्या लगेच वरच्या पूर्णांकापासून सुरुवात करा, त्याच्या वर्गातून संख्या वजा करा, आणि उरलेली संख्या स्वतः वर्ग आहे का ते बघा.

८२ चा वर्ग ६७२४, उरले ५७. वर्ग नाही.
८३ चा वर्ग ६८८९, उरले २२२. नाही.
८४ चा वर्ग ७०५६, उरले ३८९. नाही.
८५ चा वर्ग ७२२५, उरले ५५८. नाही.
८६ चा वर्ग ७३९६, उरले ७२९, आणि हा २७ चा वर्ग!

म्हणून ६६६७ = (८६ − २७) × (८६ + २७) = ५९ × ११३. सतराव्या शतकातल्या फ्रान्सच्या पिएर द फर्माची ही युक्ती. दोन अवयव एकमेकांच्या जवळ असले की ती धावते, लांब असले की रखडते. शिवाय ती फक्त विषम संख्येवर लावायची. थेट ४४००२२ वर लावलीत तर कितीही पानं भरली तरी वर्ग हाती लागणार नाही. कारण दोन वर्गांचा फरक म्हणजे (अ − ब) × (अ + ब). हे दोन्ही कंस एकतर विषम असतात किंवा दोन्ही सम. म्हणून गुणाकार विषम तरी येतो, नाहीतर ४ च्या पटीत. ४४००२२ ला ४ ने भागलं तर २ उरतात, तेव्हा ती दोन वर्गांचा फरक कधीच होऊ शकत नाही. गाडी अडली की आधी दोन काढून टाकलेत का ते बघा.

जीपीओचं प्रकरण

४४०००१ दिसायला साधी आहे. अंकांची बेरीज ९, तेव्हा ९ ने भाग जातो : ४४०००१ = ३ × ३ × ४८८८९. पुढे मात्र दमवणूक आहे. ४८८८९ चं वर्गमूळ २२१ च्या किंचित पुढे, म्हणजे ७ पासून २११ पर्यंतच्या ४४ मूळ संख्या तपासाव्या लागतात. १००१ च्या युक्तीनं तीन आधीच बाद होतात (४४० − १ = ४३९; त्याला ७, ११, १३ पैकी कशानंही भाग जात नाही). उरलेल्या ४१ पैकीही कशानंच भाग जात नाही. ४८८८९ मूळ आहे.

या प्रकारात चिकाटी सुटते. पंधरा-वीस भागाकार झाले की "मूळच असणार" म्हणून वही मिटली जाते. अर्धवट तपासलेल्या संख्येला मूळ म्हणू नका. वहीत लिहा : "अमुकपर्यंत अवयव नाही."

ताळा करा

गुणाकार उलटा करून बघणं हा खरा ताळा. झटपट हवा असेल तर नऊचा. प्रत्येक अवयवाच्या अंकांची बेरीज एका अंकापर्यंत आणा : २, ३, २, ५, ५. गुणाकार ३००, त्याची बेरीज ३. इकडे ४४००२२ ची बेरीज १२, म्हणजे ३. जुळलं. पण नऊचा ताळा अंकांची अदलाबदल पकडत नाही. ४४००२२ ऐवजी चुकून ४४०२०२ लिहिलंत तरी बेरीज १२ च राहते. शेजारच्या दोन वेगळ्या अंकांची अदलाबदल अकराचा ताळा पकडतो (४−४+०−२+०−२ = −४, शून्य नाही). एक घर सोडून झालेली अदलाबदल मात्र या दोन्हींतून निसटते. म्हणून शेवटी गुणाकारच.

विभाजक, आणि संत्र्यांचे आयत

आता फळं तोडायची. प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांकात १ मिळवा आणि सगळे गुणा. ४४००२२ मध्ये पाचही घातांक १, तेव्हा २ × २ × २ × २ × २ = ३२ विभाजक. ४४०००१ मध्ये घातांक २ आणि १, तेव्हा ३ × २ = ६ : १, ३, ९, ४८८८९, १४६६६७, ४४०००१.

याचा अर्थ डोळ्यांसमोर आणायचा असेल तर कळमना मार्केटात ४,४०,०२२ संत्री सरळ आयतात मांडायची आहेत असं समजा, ओळी आणि रांगा, एकही संत्रं उरता कामा नये. ३२ विभाजकांच्या १६ जोड्या, म्हणून १६ आयत. सगळ्यात लांबट आयत १ × ४४००२२. चौरसाच्या सगळ्यात जवळचा ६४९ × ६७८. ४४०००१ संत्री असतील तर तीनच आयत, आणि त्यातला सगळ्यात 'चौरस' ९ × ४८८८९, म्हणजे लांबलचक पट्टाच.

जोड्या काढताना लहान बाजू क्रमानं लिहा : १, २, ३, ६, ११, २२, ३३, ५९, ६६, ११३, ११८, १७७, २२६, ३३९, ३५४, ६४९. सोळा भरले की थांबा. मोठ्या बाजू भागाकारानं मिळतात. सोळा हा आकडा आधीच माहीत असल्यामुळे एखादा विभाजक सुटला तर लगेच कळतं. ११८ (२ × ५९) आणि १७७ (३ × ५९) हे दोघं हटकून सुटतात.

वर्गवारी

विपुल की न्यून? विभाजकांची बेरीज काढायला सगळे ३२ मिळवत बसू नका. प्रत्येक मूळ अवयवात १ मिळवून गुणा (घातांक १ असेल तेव्हाच) : ३ × ४ × १२ × ६० × ११४ = ९,८४,९६०. यातून संख्या स्वतः वजा केली की उरतात ५,४४,९३८. हे संख्येपेक्षा जास्त, म्हणून ४४००२२ विपुल. ४४०००१ साठी ३ चा घातांक २ आहे, तेव्हा १+३+९ = १३ घ्यायचे : १३ × ४८८९० = ६,३५,५७०; संख्या वजा जाता १,९५,५६९. कमी पडले, म्हणून न्यून. घातांक २ असताना ४ × ४ करणं ही या पायरीवरची नेहमीची चूक.

खरं तर पहिल्या संख्येसाठी एवढा हिशेबही लागत नाही. ६ ने भाग जाणारी, ६ पेक्षा मोठी कुठलीही संख्या विपुलच असते. तिचा अर्धा, एक-तृतीयांश आणि एक-षष्ठांश मिळवले की ती स्वतःच परत येते : २२००११ + १४६६७४ + ७३३३७ = ४४००२२. वर बाकीचे विभाजक शिल्लक राहतातच. काही निवडक विभाजकांची बेरीज नेमकी संख्येएवढी होते, म्हणून तिला अर्धपरिपूर्ण असंही म्हणतात.

वर्गमुक्त? कुठलाच मूळ अवयव दोनदा नाही, तेव्हा ४४००२२ वर्गमुक्त. ४४०००१ मध्ये ९ आहे, ती नाही.

दोन वर्गांची बेरीज? नियम असा : ज्या मूळ अवयवांना ४ ने भागल्यावर बाकी ३ उरते, त्यांचा घातांक सम असायला हवा. ४४००२२ मध्ये ३, ११ आणि ५९ तिघेही असे आणि तिघेही एकेकटे, म्हणून अशक्य. ४४०००१ मध्ये ३ दोनदा आहे आणि ४८८८९ ला ४ ने भागल्यास बाकी १, म्हणून शक्य. शोधायची रीत : ४८८८९ मधून २२१ चा वर्ग, २२० चा, २१९ चा असे वजा करत खाली या. २०८ वर आलात की ५६२५ उरतात, म्हणजे ७५ चा वर्ग. दोन्ही बाजूंना ३ ने गुणलं की ६२४ चा वर्ग + २२५ चा वर्ग = ३,८९,३७६ + ५०,६२५ = ४,४०,००१. रखडवणाऱ्या जीपीओनं इथे मात्र मान राखला.

क्रमागत संख्यांची बेरीज? विषम विभाजकांच्या संख्येतून १ वजा करा. ४४००२२ चे विषम विभाजक १६, तेव्हा १५ रीती. त्यांपैकी दोन : १४६६७३ + १४६६७४ + १४६६७५, आणि ११०००४ + ११०००५ + ११०००६ + ११०००७.

कपड्यातले गुणधर्म

या खेळात महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अंकांच्या अशा किती तरी गमती शोधल्या. ६१७४ हा स्थिरांक त्यांच्याच नावानं जगभर ओळखला जातो. 'हर्षद' हे नावही त्यांचं : ज्या संख्येला स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं भाग जातो, ती हर्षद. ४४०००१ ची बेरीज ९ आणि ९ ने भाग जातो, म्हणून हर्षद. बेरीज ९ असली की हे आपोआपच होतं, तेव्हा ४४००१० सुद्धा हर्षद. ४४००२२ ची बेरीज १२; ३ ने भाग जातो पण ४ ने नाही, म्हणून हर्षद नाही. ४४०००४ ची बेरीजही १२, तिला मात्र भाग जातो : ३६६६७.

कापरेकरांचीच दुसरी कल्पना स्वयंभू संख्यांची. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या 'जन्मते'. जिला असा कोणी जनक नाही ती स्वयंभू. ४४००२२ चा जनक शोधायला सगळ्या संख्या चाळायची गरज नाही. जनकाच्या अंकांची बेरीज 'ब' धरली, तर २ × ब ला ९ ने भागल्यावर ४४००२२ इतकीच बाकी, म्हणजे ३, यायला हवी. त्यामुळे ब = ६, १५, २४, ३३, ४२, ५१ एवढेच पर्याय. १५ वजा करा : ४४०००७, अंकांची बेरीज १५. जनक सापडला, स्वयंभूपद गेलं.

उलटून मिळवणी : ४४००२२ + २२००४४ = ६६००६६. एकाच फेरीत उलटसुलट सारखी संख्या. हातचा कुठेच येत नाही म्हणून हे इतकं सरळ होतं. यात फार खोल काही नाही.

द्विमान पद्धतीत

द्विमानात संख्या फक्त ० आणि १ या दोन अंकांत लिहितात. संख्येला २ ने भागत जा, बाक्या लिहीत जा, आणि शेवटी त्या खालून वर वाचा. ४४००२२ (०), २२००११ (१), ११०००५ (१), ५५००२ (०), २७५०१ (१), १३७५० (०), ६८७५ (१), ३४३७ (१), १७१८ (०), ८५९ (१), ४२९ (१), २१४ (०), १०७ (१), ५३ (१), २६ (०), १३ (१), ६ (०), ३ (१), १ (१). कंसातले अंक उलट्या क्रमानं :

११०१०११०११०११०१०११०

एकोणीस अंक, त्यात बारा एक. आता शेवटचं शून्य झाकून बघा : ११०१०११०११०११०१०११. डावीकडून वाचा की उजवीकडून, तेच! म्हणजे २२००११ ही संख्या द्विमानात उलटसुलट सारखी आहे. दशमानात तिच्यात असं काहीच दिसत नाही. पुढे टाकलेला शून्य म्हणजे नुसती दुप्पट.

आणि म्हणूनच ही रीत शिकायला २२००११ हे उदाहरण घेऊ नका. बाक्या वरून खाली वाचणं ही इथली सर्वांत मोठी चूक, आणि या संख्येत चूक करूनही उत्तर बरोबर येतं. सरावाला ४४०००१ घ्या.

संख्या आणखी वाढली की

दहा-बारा अंकांपर्यंत हीच रीत संगणकावर क्षणात होते. अडचण साधनांची असते. फोनवरचा कॅल्क्युलेटर मोठ्या उत्तराचे शेवटचे अंक गिळून घातांकाच्या रूपात दाखवतो. ते अंक नसले तर बाकी काढताच येत नाही. एक्सेल १५ अंकच नेमके सांभाळतं, सोळाव्या जागेपासून शून्यं भरतं, तेही न विचारता. पायथनमध्ये पूर्णांकाला अशी मर्यादा नाही. बाकीसाठी टक्क्याचं चिन्ह आणि भागाकारासाठी दोन तिरप्या रेघा वापरा. एकच रेघ दिलीत तर उत्तर दशांशात येतं आणि मोठ्या संख्येचे शेवटचे अंक हरवतात.

पन्नास-शंभर अंकांच्या पुढे भागत बसणं संपतं आणि दोन प्रश्न वेगळे होतात. संख्या मूळ आहे का, हे लवकर कळतं. अवयव कोणते, हे कळायला वेळ लागतो. मूळपणाची जुनी परीक्षा फर्माचीच : संख्या 'न' मूळ आणि विषम असेल, तर २ च्या (न − १) व्या घाताला न ने भागल्यावर बाकी १ येते. उलट मात्र खरं नाही. ३४१ ही परीक्षा पास होते, पण ती ११ × ३१ आहे. म्हणून प्रत्यक्षात तिचंच कडक रूप, मिलर–रॅबिन परीक्षा, वापरतात. २ च्या ६४ व्या घातापर्यंतच्या संख्यांसाठी पाया म्हणून (वरच्या परीक्षेत २ होता तिथे) २ पासून ३७ पर्यंतच्या बाराही मूळ संख्या एकेक करून घेतल्या की निकाल पक्का असतो. कितीही मोठ्या संख्येचा मूळपणा खात्रीनं आणि मर्यादित वेळात तपासता येतो, हे २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केलं. तिथेही फक्त हो किंवा नाही एवढंच मिळतं, अवयव हाती येत नाहीत.

हा फरक किती जुना आहे बघा. २ चा ६७ वा घात उणे १ ही संख्या संयुक्त असल्याचं एदुआर ल्युका यांनी १८७६ मध्ये दाखवलं. तिचे अवयव जगासमोर यायला १९०३ साल उजाडलं, जेव्हा फ्रँक नेल्सन कोल यांनी ते मांडले : १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७.

सरावासाठी विद्यापीठाच्या अमरावती रोडवरच्या परिसराचा पिन घ्या : ४४००३३. जोडअंक ३३, तेव्हा ११ ने भाग जाणारच, उरतात ४०००३. इथे भागाकाराची रीत २६ प्रयत्नांत उत्तर देते, फर्माच्या आडमार्गाला ३८ लागतात, कारण अवयव एकमेकांपासून लांब आहेत. उत्तर ११ × १०९ × ३६७. विभाजक आठ आले पाहिजेत.